वैमानिकांचे प्रशिक्षण-बंधपत्र व सेवाकरार : एक विवेचन

प्रस्तावना :

औंढा नागनाथ हे हिंगोली जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण ज्योतिर्लिंगाचे क्षेत्र म्हणून सर्वपरिचित आहे. बारावीला भौतिकशास्त्र व गणित घेतलेल्या येथील विद्यार्थ्यास वैमानिकाच्या व्यवसायाचे दार नियमाने खुले आहे. मात्र व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण आवश्यक असून त्याचा खर्च अर्धा कोटी रुपयांच्या घरात जाऊ शकतो. सोयाबीन व हळदीच्या उत्पन्नावर जगणाऱ्या कुटुंबास त्यासाठी कर्ज काढावे लागते. नोकरी मिळताच या कर्जावर आणखी एक बंधन येते, ते म्हणजे बंधपत्र. सदर लेखात या बंधपत्राचे स्वरूप व त्याची कायदेशीर मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

बंधपत्राचे स्वरूप :

परवाना मिळाला तरी प्रत्येक प्रकारच्या मोठ्या विमानासाठी स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे लागते. त्यास ‘टाइप रेटिंग’ म्हणतात. हा खर्च कंपनीने केल्यास उमेदवार ठराविक वर्षे सेवा देण्याचे व मध्येच नोकरी सोडल्यास ठराविक रक्कम भरण्याचे लिहून देतो. मराठवाड्यातील वाचकास ऊसतोड मजुरांची ‘उचल’ परिचित आहे. पैसा आधी व श्रम नंतर, हे सूत्र दोहोंत समान आहे. फरक असा की, उचल मजुराच्या हाती रोख पडते. प्रशिक्षणाचा खर्च मात्र कंपनीच सांगते व त्याचा हिशेब उमेदवारास बहुधा दिसत नाही. अन्यायाचे मूळ येथेच आहे.

कायद्याची भूमिका :

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ नुसार व्यवसायास प्रतिबंध करणारा करार शून्य ठरतो. कलम ७४ नुसार करारात कितीही रक्कम लिहिली असली तरी न्यायालय त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देते. १९६३ मध्ये फतेहचंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व स्पष्ट केले. तसेच वैयक्तिक सेवेचा करार न्यायालयामार्फत बळाने पाळावयास लावता येत नाही. म्हणजेच राजीनामा देणाऱ्या वैमानिकाकडून पैसे मागता येतात. पण त्याला विमान चालविण्यास भाग पाडता येत नाही.

महाराष्ट्रातील महत्त्वाचा निर्णय :

या विषयावरील पायाभूत निर्णय कल्याणच्या एका कारखान्यातून निर्माण झाला. निरंजन शंकर गोलिकरी यांनी १९६३ मध्ये सेंचुरी कंपनीच्या टायरकॉर्ड विभागात पाच वर्षांच्या कराराने नोकरी स्वीकारली व प्रशिक्षण घेतले. १९६४ मध्ये ते नोकरी सोडून कोटा येथील स्पर्धक कंपनीत गेले. कराराची मुदत संपेपर्यंत तसेच काम अन्यत्र करण्यास न्यायालयाने त्यांना मनाई केली. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश कायम ठेवला. सेवेच्या मुदतीतील बंधन आणि सेवा संपल्यानंतरचे बंधन यांत न्यायालयाने भेद केला. पहिले सामान्यतः ग्राह्य, तर दुसरे संशयास्पद मानले जाते.

१४ मे २०२५ रोजी विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या सेवेसाठी दोन लाख रुपयांचे बंधपत्र वैध ठरविले. मात्र छापील नमुन्याच्या करारात दोन्ही पक्षांचे बळ सारखे नसते, याचीही दखल घेतली. तात्पर्य, बंधपत्र सरसकट अवैध नाही व सरसकट वैधही नाही.

वैमानिकांची विशेष स्थिती :

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१७ मध्ये कमांडरसाठी एक वर्ष व सहवैमानिकासाठी सहा महिने पूर्वसूचना-कालावधी ठरविला. ऐनवेळी वैमानिक गेल्यास उड्डाणे रद्द होऊन प्रवाशांचे हाल होतात, हे त्यामागील कारण होय. २०२३ मध्ये आकासा एअरचे ४३ वैमानिक हा कालावधी पूर्ण न करता गेले, तेव्हा कंपनीने काही वैमानिकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली.

याची दुसरी बाजूही आहे. २०१२ मध्ये किंगफिशर व २०१९ मध्ये जेट एअरवेज यांची उड्डाणे बंद पडण्यापूर्वी वैमानिकांचे वेतन थकले होते. कर्मचाऱ्याने करार मोडल्यास काय, हे बंधपत्रात सविस्तर असते; कंपनीने मोडल्यास काय, याबद्दल ते बहुधा मौन पाळते.

अन्यायकारक अटींची ओळख :

१) रक्कम प्रत्यक्ष खर्चाशी सुसंगत आहे काय? हिशेब लेखी मागावा.

२) केलेल्या सेवेच्या प्रमाणात रक्कम घटते काय? उदाहरणार्थ, पाच वर्षांसाठी २० लाखांचे बंधपत्र असता चार वर्षांनंतर चार लाखच उरावेत. पूर्ण २० लाखांची मागणी ही भरपाई नसून दंड होय.

३) कोरे धनादेश अथवा मूळ प्रमाणपत्रे मागितली जातात काय? धनादेश न वटल्यास दिवाणी वादाला फौजदारी वळण लागू शकते.

४) पालकांची जामीनदार म्हणून सही आहे काय? कलम १२८ नुसार, करारात अन्यथा नसल्यास, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. मुलाच्या राजीनाम्याचा भार गावाकडील जमिनीवर येऊ शकतो.

५) वेतन थकल्यास वा कंपनी बंद पडल्यास बंधपत्र संपुष्टात येते काय?

६) वाद कोणत्या शहरातील न्यायालयात चालेल? औंढ्याहून मुंबई वा दिल्लीच्या खेपा परवडणाऱ्या नसतात.

समारोप :

प्रशिक्षणावर खर्च करणाऱ्या कंपनीस तो वसूल करण्याचा न्याय्य हक्क आहे. परंतु खर्चाची वसुली आणि माणसाला जखडून ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, व कायदा पहिलीलाच मान्यता देतो. सही झाल्यावर न्यायालयात सिद्ध करावी लागणारी गोष्ट सहीपूर्वी एका प्रश्नाने विचारता येते. म्हणून नियुक्तिपत्राच्या आनंदात कराराची पाने न वाचता उलटली जाऊ नयेत. बारावीनंतरच्या मार्गदर्शनात प्रवेश, शुल्क व कर्ज यांबरोबर करारवाचनाचाही समावेश महाविद्यालयांनी करणे अगत्याचे आहे.