यकृतकृमीचा ‘ध’चा ‘मा’

राष्ट्रीय जंतनाशक दिनाचे फोटो दरवर्षी सारखेच असतात. शाळेच्या वऱ्हांड्यात रांग, हार घातलेले पाहुणे आणि अल्बेंडाझोलची गोळी चघळत तोंड वेडंवाकडं करणारी एक चिमुरडी. गोळी चांगली आहे, ती घ्यावीच. मातीतून शरीरात शिरणाऱ्या गोल जंतांवर आणि अंकुशकृमींवर ती लागू पडते. पण ‘जंताचं औषध दिलं’ एवढ्यावर गावोगावी जे समाधान मानलं जातं, ते मला पटत नाही. कारण घाटाखाली पूर्णेच्या काठाने आणि घाटावर धरणांच्या फुगवट्यात म्हशी चारणाऱ्या या बुलडाणा जिल्ह्यात दुसऱ्या एका जंताचाही विचार करायला हवा. तो आतड्यात नाही, यकृतात राहतो. माणसात शिरला तर त्या एका गोळीने त्याचं काही वाकडं होत नाही.

पशुवैद्यक त्याला लिव्हर फ्लूक म्हणतात, पुस्तकात यकृतकृमी. आपल्याकडच्या जातीचं नाव फॅसिओला जायगॅन्टिका. बाधित जनावराची कलेजी चिरली की पित्ताच्या नळ्या जाड, पांढरट झालेल्या दिसतात. नळी दाबली तर काळपट पित्तासोबत चपटा, तपकिरी, पानासारखा जीव बाहेर येतो, बोटाच्या दोन-तीन पेरांएवढा. जिवंतपणी त्या जनावराचं दूध आटलेलं असतं आणि जबड्याखाली पाणी उतरलेलं असतं. पूर्णाथडीसारखी देखणी, भुरी म्हैस अशी खंगताना पाहणं गोठेवाल्याच्या जिवावर येतं.

शेणातली अंडी पाण्यात, पाण्यातून गोगलगायीत, तिथून पाणवनस्पतीवर आणि गवतावर, गवतातून पुन्हा जनावरात, असं त्याचं चक्र आहे. ही गोगलगाय म्हणजे सोयाबीन फस्त करणारी शंखी नव्हे. ही डबक्यात राहणारी, पातळ कवचाची, नखाएवढी लिम्निया. कच्ची पाणभाजी किंवा डबक्याचं न उकळलेलं पाणी पोटात गेलं तर म्हशीच्या जागी माणूस येतो. महाराष्ट्राला असे गोगलगायीतून येणारे कृमी अगदी अपरिचित नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा यांनी लघवीतून रक्त जाणाऱ्या रोगामागचा रक्तकृमी दाखवून दिला होता. तोही यकृतकृमीसारखाच पर्णकृमींच्या गोतावळ्यातला आणि गोगलगायीच्याच आश्रयाने वाढणारा.

माणसाच्या यकृतात राहणाऱ्या प्रमुख कृमींची जनुकसंहिता आता वाचून झाली आहे. चीन-कोरियाकडचा क्लोनॉर्किस २०११ मध्ये, थायलंड-लाओसचा ओपिस्थॉर्किस २०१४ मध्ये, युरोपातला फॅसिओला हेपॅटिका २०१५ मध्ये. क्लोनॉर्किस जगाला पहिल्यांदा दिसला तो मात्र आपल्याच देशात. कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजमध्ये १८७४ साली एका चिनी माणसाचं शवविच्छेदन करताना डॉ. मॅककॉनेल यांना तो सापडला. क्लोनॉर्किस आणि ओपिस्थॉर्किस हे दोघे पित्तनलिकेच्या कर्करोगाला कारण ठरतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने जाहीर केलेलं आहे. ओपिस्थॉर्किस जखम भरून येण्याला चालना देणारं एक प्रथिन सोडतो. वर्षानुवर्षं पेशी वाढत राहतात आणि त्यातून पुढे घात होतो. पण ते दोघे अंगात येतात कच्च्या मासळीतून. बुलडाण्यात मासळी रस्सा होऊनच ताटात येते, तेव्हा ती धास्ती सोडून द्या. फॅसिओलाचं नाव त्या कर्करोगाच्या यादीत नाही.

फॅसिओलाची संहिता मात्र अवाढव्य आहे. क्लोनॉर्किसची पन्नास-पंचावन्न कोटी अक्षरांची, तर फॅसिओला हेपॅटिकाची सुमारे १३० कोटींची. आपल्या जायगॅन्टिकाच्या संहितेचा मसुदा शिलाँगच्या नॉर्थ ईस्टर्न हिल युनिव्हर्सिटीत तिमिर त्रिपाठी यांच्या गटाने २०२० मध्ये प्रसिद्ध केला, तोही शंभर कोटींच्या घरातला. बातम्यांनी हे आकडे मिरवले. मला त्यांचं अप्रूप नाही. त्या पसाऱ्यात पुनरुक्तीच फार आहे.

अप्रूप आहे ते एका अक्षराचं.

प्राझिक्वान्टेल हे औषध १९७०च्या दशकात जर्मनीत निघालं. पर्णकृमींवर ते रामबाण ठरलं. रक्तकृमी, क्लोनॉर्किस, ओपिस्थॉर्किस सगळे त्याला शरण गेले, फॅसिओला तेवढा ढिम्म. का, ते चार दशकं कोणाला सांगता येईना, कारण औषध कृमीच्या अंगात नेमकं धरतं कुठे, हेच ठाऊक नव्हतं. अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेज ऑफ विस्कॉन्सिनमध्ये जोनाथन मर्चंट यांच्या गटाने २०१९ मध्ये ती जागा पकडली. पेशीच्या आवरणात कॅल्शियम आत सोडणारं एक दार असतं. औषध तिथे बसलं की दार उघडं राहतं, कॅल्शियम आत घुसतं, कृमीचे स्नायू आखडतात आणि त्याची त्वचा फाटते. मग या मंडळींनी निरनिराळ्या कृमींच्या संहितांमधून त्या दाराची जडणघडण शेजारी शेजारी मांडली. औषध बसण्याच्या खोबणीत रक्तकृमीत अॅस्परॅजिन नावाचं अमिनो आम्ल होतं. फॅसिओलात त्याच जागी थ्रिओनिन. ‘ध’चा ‘मा’ झालेला! प्रयोगशाळेत फॅसिओलाच्या दारात अॅस्परॅजिन बसवलं, तर दार औषधाला दाद देऊ लागलं. रक्तकृमीच्या दारात थ्रिओनिन बसवलं, तर तिथे औषध निकामी झालं. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. जनुकांच्या तुलनेतून काय हाती लागतं, असं विचारणाऱ्याला मी हेच उदाहरण देतो.

फॅसिओलावर माणसासाठी खरं औषध एकच, ट्रायक्लाबेंडाझोल. अमेरिकेत त्याला माणसांसाठी मंजुरी मिळायला २०१९ साल उजाडलं, मेंढ्यांना मात्र इतरत्र ते १९८०च्या दशकापासून मिळतंय. आणि मेंढ्यांमुळेच ते बोथट व्हायला लागलंय. ऑस्ट्रेलियात १९९५ मध्येच त्याला न जुमानणारे कृमी नोंदले गेले. लिव्हरपूल विद्यापीठाने २०२३ मध्ये या प्रतिकाराचा माग काढला, तेव्हा तो संहितेच्या एकाच छोट्या पट्ट्यात सापडला. गोठ्यात एकच औषध वर्षानुवर्षं अंदाजपंचे पाजत राहिलं तर असेच कृमी मागे उरतात.

संहिता वाचायला मोठी प्रयोगशाळा लागते, शेण तपासायला सूक्ष्मदर्शक पुरतो. माझा कल दुसऱ्या कामाकडे आहे. आपल्याकडे जनावरांना सर्रास पाजलं जाणारं ऑक्सिक्लोझॅनाइड हे औषध मोठ्या कृमींवर चालतं, कोवळ्या पिल्लांवर फारसं नाही. त्यामुळे पावसाच्या तोंडावर एकदा पाजून मोकळं होणं पुरेसं नाही. पावसाळ्यात गिळलेली पिल्लं मोठी होऊन अंडी घालू लागतात तोवर दिवाळी आलेली असते.

डॉक्टर मंडळींनाही एक सांगणं आहे. ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, रक्तात इओसिनोफिल वाढलेले आणि सोनोग्राफीत यकृतावर गाठीसारखं काही दिसलं, तर गळू किंवा कर्करोग ठरवण्याआधी रुग्णाने काय खाल्लं-प्यायलं ते विचारा. सुरुवातीचे तीन-चार महिने शौचात अंडी सापडतच नाहीत, म्हणून निर्दोष अहवालावर विसंबू नका, रक्तातली प्रतिपिंडं तपासा. आपल्याच जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात माणसांचे केस गळू लागले तेव्हा आधी पाण्यावर संशय गेला. डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं, ते ताटापर्यंत गेले म्हणूनच.

आणि गोठेवाल्यांनो, दिवाळीच्या सुमारास शेणाचा नमुना स्वच्छ डबीत घेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या, आणि औषध कोणतं व किती द्यायचं ते तिथल्या डॉक्टरांनाच ठरवू द्या.