तिरल्याच्या कातळातले रत्न का झळकत नाही?

धारहून पश्चिमेला निघाले की लवकरच तिरला लागते. माळव्याच्या पठारावरची काळी कसदार जमीन, खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू. इथला एखादा काळा धोंडा फोडावा आणि ताज्या फुटलेल्या भागावर भिंग धरावे. काळपट दगडात बारीक, पांढुरक्या काड्या दिसतात. हे प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार. त्यातले बरेचसे लॅब्रॅडोराइट या जातीत मोडते. मान जरा तिरकी केली की निळी-हिरवी झाक मारणारी पदके याच खनिजाची असतात. तिरल्यातले लॅब्रॅडोराइट मात्र काहीही केले तरी झळकत नाही.

कारण सोपे आहे. हा दगड फार घाईत थंड झाला.

झळाळीचा रंग दगडात मुरलेला नसतोच. लॅब्रॅडोराइटमध्ये सोडियम आणि कॅल्शियम एकत्र नांदतात. भूगर्भात खोलवर स्फटिक अतिशय सावकाश निवत गेला, तर आतल्या आत त्याचे थर पडतात: एकात कॅल्शियम किंचित जास्त, शेजारच्यात सोडियम. हे थर केसाच्या जाडीच्या सुमारे हजाराव्या भागाइतके पातळ असतात. त्यांवरून परतणारे किरण एकमेकांत मिसळताना काही रंग उजळतात, काही मावळतात; साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरला आणि उघड्यावर निवला. थर पडायला अवधीच मिळाला नाही.

कसारा घाटात आणि मंचरच्या परिसरात तर याच खनिजाचे काही सेंटिमीटर लांबीचे स्फटिक असलेला बेसाल्ट आहे. भूशास्त्राचे विद्यार्थी तो मुद्दाम पाहायला जातात. सराफाला मात्र त्याचा काही उपयोग नाही. शेतकऱ्याला आहे: हेच फेल्डस्पार झिजून, कुजून चिकणमाती होते आणि काळ्या रानाला चुना पुरवते.

रत्नांची पारख धारला नवी नाही. राजा भोजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’ ग्रंथात रत्नपरीक्षेला चांगली ऐसपैस जागा आहे. चांदण्यात पाझरणारा चंद्रकांत मणी संस्कृत काव्यात आहे, ज्ञानेश्वरीतल्या दृष्टांतातही आहे. आज ‘चंद्रकांत’ म्हणून हाती पडतो तो मूनस्टोन. तो पाझरत नाही, पण फिरवला की आतून दुधी-निळसर उजेड सरकत जातो. तोही फेल्डस्पारच, फक्त त्यात पोटॅशियमचे आणि सोडियमचे थर आलटून पालटून असतात. श्रीलंकेतल्या मीटियागोडाचा निळा मूनस्टोन नावाजलेला आहे. आपल्याकडे तमिळनाडूतून तो येतो. ज्योतिषी तो मोत्याचे उपरत्न म्हणून सुचवतात. ‘रेनबो मूनस्टोन’ म्हणून विकला जाणारा पांढरा, रंगीत झाकेचा खडा मात्र खरे तर लॅब्रॅडोराइटच असतो. दुकानदार हे आपणहून क्वचितच सांगतो.

लॅब्रॅडोराइटला नाव मिळाले ते कॅनडातल्या लॅब्रॅडॉर किनाऱ्यावरून. फिनलंडमध्ये १९४० साली सोव्हिएत सीमेवर तटबंदी बांधताना युलामा भागात त्याचा फार तेजस्वी प्रकार हाती लागला. तो पुढे ‘स्पेक्ट्रोलाइट’ झाला. आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर ‘ब्लू पर्ल’ बसवला असेल, तर या घराण्यातली निळी चमक रोज पोळ्या लाटताना दिसतेच. तो नॉर्वेचा लार्विकाइट. त्याची किंमत मोजताना ‘ग्रॅनाइट’ म्हटले जाते, इतकेच.

कारागिराची खरी परीक्षा दिशा धरण्यात. कच्चा दगड पाण्यात भिजवून तो दिव्याखाली फिरवत राहतो. झळक कुठून उठते ते हेरतो आणि खड्याचा तळ त्या थरांना जवळजवळ समांतर ठेवतो. अंदाज थोडा चुकला की उरतो नुसता राखी खडा. म्हणून पैलू पाडण्याऐवजी याला बहुधा घुमटाकार घडवतात. शिवाय फेल्डस्पार दोन दिशांना सहज चिरते, त्यामुळे घासतानाही हात हलका लागतो.

घेताना काचेपासून सावध राहावे. ‘ओपलाइट’ नावाची दुधी काच मूनस्टोन म्हणून सर्रास खपवली जाते. ती कोणत्याही बाजूने निळसर दिसते, उजेडासमोर धरली की नारिंगी होते आणि भिंगाखाली कधीकधी हवेचे बुडबुडे सापडतात. फेल्डस्पारचा कठीणपणा ६ ते ६.५, तर धुळीतल्या गारेच्या कणांचा ७. रोज वापरायच्या अंगठीत खडा लवकर ओरखडतो. पदकात किंवा कानातल्यात टिकतो. अंगठीच हवी असेल तर नख्यांपेक्षा बंद कोंदण बरे. धुवायला कोमट साबणाचे पाणी आणि मऊ कापड पुरते. अल्ट्रासॉनिक यंत्रात घालू नका, असे सराफाला आधीच बजावून ठेवावे.