परिसर, पद आणि न्याय : विद्यापीठांतील लैंगिक छळाचे प्रतिबंध व निवारण

भिलाई हे नाव उच्चारताच पोलाद कारखाना आठवतो. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून हा कारखाना उभा राहिला आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये त्याची पहिली झोतभट्टी कार्यान्वित झाली. त्याच्याभोवती भारताच्या सर्व प्रांतांतून माणसे येऊन वसली. नागपूर-विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही त्यांत होती. अलीकडच्या काळात या नगराला उच्च शिक्षणाचे केंद्र अशी दुसरी ओळख लाभली आहे. छत्तीसगड स्वामी विवेकानंद तंत्रशास्त्र विद्यापीठ येथे आहे, २०१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा कुटेलाभाटा येथील परिसर फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला आणि भिलाई-दुर्ग परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालयांची संख्याही मोठी आहे. या संस्थांतून शिकणाऱ्या मुलींपैकी अनेक जणी आपल्या घराण्यातून उच्च शिक्षणासाठी बाहेर पडलेल्या पहिल्याच असतात. अशा मुलीच्या वाट्याला परिसरात छळ आला, तर तिच्यापुढे दुहेरी संकट उभे राहते. छळ सोसणे हे एक संकट. आणि घरी कळले तर शिक्षणच थांबेल ही भीती हे दुसरे. विद्यापीठाची निवारणयंत्रणा या दुसऱ्या भीतीचा विचार करते की नाही, यावर त्या यंत्रणेचे खरेपण ठरते.

शब्द आणि संकल्पना

या विषयाचा विचार शब्दांपासून सुरू करणे इष्ट ठरेल. मराठीत दीर्घकाळ रूढ असलेला कायदेशीर शब्द ‘विनयभंग’ हा आहे. ज्यावर आघात झाला ती गोष्ट म्हणजे स्त्रीचा विनय, असे हा शब्द सुचवतो. म्हणजेच काही भंगले असेल तर ते तिचे. बोलभाषेतील ‘छेडछाड’ हा शब्द उलट दिशेने जातो आणि गुन्ह्याला थट्टेच्या पातळीवर आणून ठेवतो. ‘लैंगिक छळ’ ही संज्ञा रूढ झाल्यावर दृष्टी बदलली. छळ करणारा कोणी असतो, तो काही करतो आणि त्याचे ते करणे नको असलेले असते, हा अर्थ या संज्ञेत सामावलेला आहे. ‘नको असलेले’ हा निकषच कायद्याने केंद्रस्थानी मानला आहे. स्पर्श, लैंगिक मागणी, अश्लील शेरा, अश्लील चित्र दाखवणे आणि लैंगिक स्वरूपाचे अन्य कोणतेही शाब्दिक वा देहबोलीतून होणारे वर्तन, ही सर्व त्याची रूपे होत.

विद्यापीठात या वर्तनाला आणखी एक परिमाण लाभते. अध्यापकाच्या हाती अंतर्गत गुण असतात, मार्गदर्शकाच्या स्वाक्षरीवाचून प्रबंध सादर होत नाही, शिफारसपत्रावर पुढचा प्रवेश अवलंबून असतो. विद्यार्थिनीची संमती येथे भीतीपासून वेगळी काढता येणे कठीण होते. ज्याच्यावर रक्षणाची जबाबदारी, त्याच्याकडूनच भक्षण झाले, तर ‘कुंपणच शेत खाते’ ही म्हण शब्दशः खरी ठरते.

विद्यापीठांतून उठलेला प्रश्न

या प्रश्नाच्या इतिहासात विद्यापीठांची भूमिका केवळ आरोपित स्थळाची नाही. छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेल्या आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील, देसाईगंज येथे १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात अत्याचार झाला. ‘मथुरा खटला’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पोलिसांना निर्दोष सोडले. १९७९ मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून या निकालाला आव्हान दिले. त्यांपैकी उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर व लोतिका सरकार दिल्ली विद्यापीठातील, तर वसुधा धगमवार पुण्यातील होत्या. त्या पत्राने देशव्यापी चळवळीला चालना दिली आणि १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली.

राजस्थानातील साथिन भंवरीदेवी यांच्यावरील अत्याचारानंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘विशाखा’ निवाडा दिला आणि कायदा होईपर्यंत पाळावयाची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांच्या आधारे जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने १९९९ मध्ये निवडून आलेल्या प्रतिनिधींचा समावेश असलेली समिती स्थापन केली. २०१७ मध्ये ती विसर्जित करून तिच्या जागी अंतर्गत तक्रार समिती आणण्यात आली. पुढचा महत्त्वाचा टप्पा पुण्याशी निगडित आहे. ‘आलोचना’ या संस्थेच्या मेधा कोतवाल-लेले यांच्या पत्राला याचिका मानून सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २००४ रोजी आदेश दिला, की तक्रार समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कार्यवाहीतील चौकशी अहवाल समजला जावा. या एका वाक्याचा अर्थ मोठा होता. त्यापूर्वी समितीपुढे सर्व सांगून झाल्यावर तक्रारदार स्त्रीला दुसऱ्या, खात्यांतर्गत चौकशीत तेच पुन्हा सांगावे लागण्याची शक्यता असे. १९ ऑक्टोबर २०१२ च्या अंतिम निवाड्याने राज्यांना आपले सेवानियम तदनुसार बदलण्यास सांगितले. २०१३ मध्ये संसदेने कायदा केला, तो ९ डिसेंबर २०१३ पासून अमलात आला. विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम मे २०१६ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झाले. तंत्रशिक्षण परिषदेनेही त्याच वर्षी आपले विनियम आणले. भिलाईसारख्या तंत्रशिक्षणप्रधान नगराला हे दोन्ही विचारात घ्यावे लागतात.

समितीची रचना व कार्यपद्धती

आयोगाच्या विनियमांनुसार समितीची पीठासीन अधिकारी ज्येष्ठ स्त्री अध्यापक असावी लागते. दोन अध्यापक, दोन शिक्षकेतर कर्मचारी आणि स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतील एक बाहेरची व्यक्ती हे अन्य सदस्य होत. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर तीन निर्वाचित विद्यार्थी प्रतिनिधीही असतात. एकूण सदस्यांपैकी किमान निम्म्या स्त्रिया असाव्यात. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांना मात्र समितीत स्थान नाही. ज्यांच्या हाती संस्थेच्या नावलौकिकाची चिंता आहे, त्यांनीच सत्य शोधावे हे योग्य नव्हे, हा त्यामागील विचार आहे. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही वृत्ती संस्थांत मुरलेली असते. बाहेरच्या सदस्याचे प्रयोजन ती मूठ उघडण्यासाठीच आहे.

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करावयाची असते. सबळ कारण असल्यास ही मुदत आणखी तीन महिने वाढवता येते. जिला लिहिणे शक्य नाही तिला तक्रार लेखी स्वरूपात आणण्यास साहाय्य करणे हे समितीचे कर्तव्य आहे. सात दिवसांत तक्रारीची प्रत प्रतिवादीला दिली जाते, दहा दिवसांत तो उत्तर देतो, नव्वद दिवसांत चौकशी पूर्ण करावयाची असते आणि त्यानंतर दहा दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो. शिफारशींवर संस्थेने तीस दिवसांत कार्यवाही करावयाची असून तेवढ्याच मुदतीत अपील करता येते.

चौकशी चालू असतानाचा अंतरिम दिलासा हा या रचनेचा सर्वांत व्यवहारी भाग म्हणावा लागेल. तक्रारदार विद्यार्थिनीच्या उत्तरपत्रिका तपासण्यापासून वा तिच्या कामाचे मूल्यमापन करण्यापासून प्रतिवादीला रोखता येते, त्याला तिच्यापासून दूर राहण्यास सांगता येते, तिला तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते. सत्र परीक्षा तोंडावर आलेल्या मुलीच्या दृष्टीने अंतिम निकालाहून ही तरतूद अधिक निकडीची असते. गोपनीयता कायद्याने बंधनकारक आहे. तसेच तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, हेही कायद्याने स्पष्ट केले आहे. हेतुपुरस्सर खोटी तक्रार ही वेगळी बाब असून तिच्यासाठी वेगळा निष्कर्ष काढावा लागतो.

दोन निवाडे, एक धडा

समितीची खरी कसोटी चौकशीच्या पद्धतीत लागते. या संदर्भात अर्धशतकाचे अंतर असलेले दोन निवाडे एकत्र वाचणे उद्बोधक ठरते.

पहिला रांचीच्या राजेंद्र वैद्यकीय महाविद्यालयासंबंधीचा, १९७३ चा आहे. काही विद्यार्थी रात्री मुलींच्या वसतिगृहात शिरले व त्यांनी तेथे असभ्य वर्तन केले. अध्यापकांच्या समितीने मुलींचे जबाब आरोपित विद्यार्थ्यांच्या अनुपस्थितीत नोंदवले, विद्यार्थ्यांना आरोपांचे स्वरूप सांगून त्यांचे म्हणणे घेतले आणि मग निष्कर्ष काढला. समोरासमोर उलटतपासणी झाली नाही, हा विद्यार्थ्यांचा आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. नैसर्गिक न्यायाचे रूप परिस्थितीप्रमाणे बदलते. मुलींना सूडाच्या भीतीपुढे उभे करणे हा न्यायाचा भाग असू शकत नाही, अशी या निर्णयामागील भूमिका सांगता येईल.

दुसरा गोवा विद्यापीठासंबंधीचा, १२ मे २०२३ चा आहे. २००९ मध्ये एका अध्यापकाविरुद्ध विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. समितीने अठरा बैठका घेतल्या; मे महिन्यात तर त्या जवळजवळ रोजच्या रोज झाल्या. अध्यापकाने प्रकृतीच्या कारणास्तव मागितलेला अवधी न देता एकतर्फी चौकशी पूर्ण करण्यात आली आणि २०१० मध्ये त्यास बडतर्फ करण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ही कारवाई कायम ठेवली होती. सर्वोच्च न्यायालयाने मात्र बचावाची पुरेशी संधी दिली गेली नाही म्हणून ती रद्द ठरवली आणि चौकशी मे २००९ मधील टप्प्यापासून पुन्हा करण्यास सांगितले. तक्रारी असत्य होत्या असे न्यायालयाने म्हटले नाही. देशभरच्या संस्थांत समित्या प्रत्यक्षात आहेत की नाहीत याची पडताळणी करण्याचे निर्देशही याच निवाड्यात आहेत.

या घाईची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न येथे विचारावा लागतो. प्रतिवादीने ती मोजलीच. परंतु २००९ मध्ये धैर्याने बोललेल्या विद्यार्थिनींच्या तक्रारीही चौदा वर्षांनंतर पुन्हा पहिल्या टप्प्यांपाशी येऊन थांबल्या. प्रतिवादीला पुरेसा वेळ देणे म्हणजे त्याची बाजू घेणे, असा समज सद्भावनेने काम करणाऱ्या समित्यांतही आढळू शकतो. वास्तविक प्रतिवादीला नीट ऐकून घेतले जाणे हे तक्रारदार स्त्रीच्या हिताचेच असते, कारण त्यावाचून तिच्या बाजूने लागलेला निष्कर्ष टिकत नाही. रांचीच्या समितीने मुलींना सुरक्षित ठेवूनही प्रतिपक्षाचे ऐकले. गोव्यातील समितीचा हेतू वेग साधण्याचा होता, परंतु ऐकणे अपुरे राहिले. कार्यपद्धती ही न्यायाच्या वाटेतील अडसर नसून त्याचा पाया आहे, हा या दोन निवाड्यांचा एकत्रित धडा होय.

प्रतिबंध म्हणजे बंदिवास नव्हे

चौकशी हा अखेरचा उपाय. प्रतिबंध हा पहिला. परंतु प्रतिबंधाच्या नावाखाली अनेकदा मुलींनाच कोंडले जाते. आयोगाच्या कृतिगटाने २०१३ मध्ये सादर केलेल्या ‘सक्षम’ अहवालाने सुरक्षिततेच्या कारणास्तव स्त्रियांच्या वावरावर निर्बंध लादण्यास स्पष्ट विरोध केला. नवा रायपूर येथील हिदायतुल्ला राष्ट्रीय विधी विद्यापीठात २०१८ मध्ये वसतिगृहाच्या वेळमर्यादेविरुद्ध विद्यार्थिनींनी आंदोलन केले, ते याच भूमिकेतून समजून घेता येते. ग्रंथालय रात्री उघडे आणि विद्यार्थिनी मात्र वसतिगृहात बंद, ही स्थिती समान शिक्षण म्हणवून घेऊ शकत नाही. पुरेसे दिवे, विश्वासार्ह वाहतूक, प्रशिक्षित सुरक्षाकर्मी, समुपदेशन आणि नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात नियमांची ओळख, हा खरा प्रतिबंध होय. स्त्रियांबरोबरच काही विद्यार्थी व तृतीयपंथी विद्यार्थीही अशा हिंसेला बळी पडतात, याची नोंद आयोगाच्या विनियमांनी घेतली आहे.

भिलाईच्या संदर्भात

भिलाईत या तत्त्वांना काही स्थानिक परिमाणे लाभतात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनी प्रशिक्षणासाठी पोलाद कारखान्यात जातात. तेथे काही घडले तर तक्रार महाविद्यालयात करावी की कारखान्यात, असा संभ्रम संभवतो. २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थीही कर्मचारी या संज्ञेत येते, म्हणून कारखान्याच्या समितीकडे तिला जाता येते. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पीडित स्त्रीच्या कार्यस्थळावरील समितीही अन्य आस्थापनेतील व्यक्तीविरुद्ध चौकशी करू शकते, असे स्पष्ट केले. या दोहोंमुळे दारोदार हिंडावे लागण्याची शक्यता कमी झाली आहे. मात्र प्रशिक्षणाला पाठवण्यापूर्वी महाविद्यालयाने ही माहिती विद्यार्थिनीला दिली तरच तिचा उपयोग. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या शिकवणी वर्गांसारख्या आस्थापनांसाठी जिल्हा पातळीवरील स्थानिक समितीची तरतूद आहे.

दुसरे परिमाण भाषेचे. या नगरात छत्तीसगढी, हिंदी, मराठी, तेलुगू, बंगाली अशा अनेक भाषा घरोघरी बोलल्या जातात. तक्रारअर्ज मात्र इंग्रजीत वा कार्यालयीन हिंदीत लिहिला जातो. स्वतःच्या देहाविषयी बोलताना मुलगी मातृभाषेकडे वळते, आणि कित्येकदा तिच्या मातृभाषेत त्या अनुभवासाठी लाजेचाच शब्द उपलब्ध असतो. ‘त्यांनी त्रास दिला’ एवढेच वाक्य ती उच्चारते. या वाक्यात दडलेला आशय तिच्यावर शब्द न लादता समजून घेणे आणि तिच्याच शब्दांत नोंदवणे, ही समितीची जबाबदारी ठरते. भाषांतरात एखादा शब्द सौम्य झाला तर पुढे पुरावाही सौम्य होतो.

भिलाईतील काही परिसर नवे आहेत. वहिवाट घडण्याआधीच नियम रुजवण्याची संधी त्यांना आहे. समितीच्या सदस्यांची नावे ठळक जागी लावणे, बाहेरचा सदस्य खरोखर स्वतंत्र असणे, विद्यार्थी प्रतिनिधी निवडून आलेले असणे, सदस्यांना चौकशीचे प्रशिक्षण मिळणे, या गोष्टींना मोठा खर्च लागत नाही. तक्रारींची संख्या शून्य असणे हे परिसर निर्मळ असल्याचे लक्षण मानण्याची प्रथा मात्र सोडावी लागेल. ते मौनाचेही लक्षण असू शकते. पहिली तक्रार नीट ऐकली गेली, दोन्ही बाजूंना न्याय्य वागणूक मिळाली आणि तक्रार करणारी विद्यार्थिनी आपली पदवी घेऊनच बाहेर पडली, तर दुसरीला बोलण्याचे बळ लाभते. विद्यापीठाच्या निवारणयंत्रणेचे मोजमाप करावयाचे तर ते याच कसोटीवर करावे लागेल.