चौदा वर्षांचे मोल

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचे उघडकीस आले. संतप्त रहिवाशांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा माणसे प्राणास मुकली. चार दिवसांनी व्यथित शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत आत्महत्या केली. दैनंदिन बातम्यांच्या ओघात हा विषय यथाकाल मागे पडला. आनंद पटवर्धन यांनी मात्र तो चौदा वर्षे सोडला नाही. ‘जय भीम कॉम्रेड’ हा त्यांचा सुमारे तीन तासांचा अनुबोधपट २०११ मध्ये पूर्ण झाला.

घोगरे त्यांना परके नव्हते. झोपडीवासीयांवरील ‘हमारा शहर’ या पटवर्धनांच्या १९८५ च्या चित्रपटात ते गायले होते. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. रीतसर सूचना देऊन पदपथावरील झोपड्या हटविण्यास मात्र मुभा दिली.

१९५० साली मुंबईत जन्मलेल्या पटवर्धनांची कारकीर्द जयप्रकाशांच्या बिहार आंदोलनाच्या चित्रणापासून सुरू झाली. तिचा बराच काळ न्यायालयांत गेला. ‘पिता, पुत्र और धर्मयुद्ध’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तरी दूरदर्शनने तो दाखवावा यासाठी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय लागला. शासनाच्या एका हाताने गौरव आणि दुसऱ्याने नकार, असा हा प्रकार होय.

अर्थशास्त्रात सार्वजनिक वस्तूचे उदाहरण म्हणून दीपगृह सांगतात. त्याचा प्रकाश सर्वांस मिळतो, म्हणून पैसे द्यावयास कोणीच पुढे येत नाही. अनुबोधपटाचेही तसेच आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे वृत्तपट चित्रपटगृहांना दाखवावेच लागत आणि त्यांचे भाडेही भरावे लागे. तो एक तोडगा होता. परंतु जेथे खर्च सरकारचा, तेथे सरकारला न रुचणारे चित्रण होणे कठीण. बाजाराला चौदा वर्षे थांबणे परवडत नाही. मग उरतो तो प्रेक्षकच.

पटवर्धन एका बाजूचे आहेत, हा आक्षेप खोटा नव्हे. त्यांनी आपली बाजू कधी लपविलेली नाही. पण ज्यांना ती अमान्य आहे त्यांनीही आधी पाहावे, मग वाद घालावा. उपनगरांतील महाविद्यालये, ग्रंथालये, कर्मचारी संघटना यांनी वर्षातून एकदा जरी माफक शुल्क आकारून असा खेळ लावला, तरी दीपगृहाच्या तेलाची थोडी सोय होईल. घाटकोपर आणि मुलुंड आपल्या रोजच्या लोकलची स्थानके आहेत. तेथे काय घडले याची आठवण एकाच माणसाने स्वतःच्या पदराला खार लावून जपावी, हे आपणां पगारदार मध्यमवर्गीयांस शोभणारे नाही.