जानेवारीत हो, जुलैत नाही: ब्रिटन आणि हुआवे

हा एपिसोड ज्या टॉवरवरून तुमच्या फोनपर्यंत आला, त्यातली यंत्रं कुठल्या देशातली, हे आपण कधी विचारत नाही. ब्रिटनने २०२० मध्ये ते दोनदा विचारलं, आणि दोन वेळा वेगळी उत्तरं दिली.

२८ जानेवारीला बोरिस जॉन्सन सरकार म्हणालं, चीनच्या हुआवेला ५जी मध्ये घेऊ, पण मर्यादेत. टॉवर-अँटेनाच्या बाहेरच्या भागात जास्तीत जास्त ३५ टक्के. नेटवर्कचा मेंदू, म्हणजे 'कोअर', तिथे नाही. अमेरिकेला हे अजिबात पटलं नाही. १४ जुलैला तेच सरकार म्हणालं, वर्ष संपलं की नवं सामान घ्यायचं नाही, आणि बसवलेलं २०२७ अखेर उखडायचं.

मध्ये कुणी हेर सापडला का? सरकारने दिलेलं कारण ते नव्हतंच. मे महिन्यात अमेरिकेने नियम आवळला: आमचं तंत्रज्ञान वापरून हुआवेच्या चिप बनवायच्या, तर आधी परवाना घ्या. म्हणजे हुआवेला चिप दुसरीकडून आणाव्या लागणार, आणि त्यांची खात्री आम्ही देऊ शकत नाही, असं ब्रिटनच्या सायबर तज्ज्ञांचं म्हणणं पडलं. सामान चीनचं, नळ अमेरिकेच्या हातात!

बरं, ब्रिटन काही डोळे मिटून बसलं नव्हतं. २०१० पासून बॅनबरी गावात हुआवेचं सॉफ्टवेअर तपासणारं खास केंद्र होतं. खर्च हुआवेचा. २०१९ च्या अहवालात तक्रार होती ढिसाळ कोडची. हे दोष चीन सरकारने मुद्दाम ठेवलेत असं वाटत नाही, असंही त्यात होतं. मला विचाराल तर हे जास्त भीतिदायक आहे. ढिसाळ कोडमधून कुणीही आत शिरू शकतं.

अथेन्समध्ये २००४-०५ ला तर चीनचा संबंधच नव्हता. यंत्रं स्वीडनच्या एरिक्सनची. पोलिसांच्या कायदेशीर टॅपिंगसाठी असलेली सोय कुणीतरी गुपचूप चालू केली, आणि पंतप्रधानांसकट शंभरावर लोकांचे फोन महिनोन्‌महिने ऐकले गेले.

मग चीनचाच धसका का? कारण नेटवर्क म्हणजे फ्रिज नाही, की आणला, लावला, विषय संपला. अपडेट, दुरुस्ती, सुटे भाग, यासाठी कंपनीचा हात वर्षानुवर्षं आतच असतो. आणि चीनच्या २०१७ च्या कायद्यानुसार तिथल्या कंपन्यांनी सरकारी गुप्तचरांना सहकार्य करायचं असतं. नाही म्हणायची सोय किती, तुम्हीच ठरवा.

भारताने हुआवेचं नाव घेऊन बंदी जाहीर केली नाही. १५ जून २०२१ पासून नियम आला, की नवी यंत्रं सरकारने 'विश्वासू' ठरवलेल्या ठिकाणाहूनच घ्यायची. जिओ, एअरटेलने ५जी साठी एरिक्सन, नोकियाकडे ऑर्डरी दिल्या. बीएसएनएलचं ४जी मात्र टीसीएस, तेजस आणि सी-डॉटने मिळून उभं केलंय. त्यातल्या चिप कुठून येतात, ते पुढच्या एपिसोडमध्ये.