करवंद : सह्याद्रीची चेरी

बेकरीतील केकच्या माथ्यावर, आइस्क्रीमच्या पेल्यात किंवा पानपट्टीवरील मसाला पानावर काडीने टोचलेले जे लालभडक फळ दिसते, ते सर्वत्र चेरी या नावाने ओळखले जाते. परंतु भारतात या नावाखाली विकले जाणारे साखरेच्या पाकातील फळ बहुतांशी चेरी नसून करवंद असते. बाटलीवरील घटकपदार्थांची यादी काळजीपूर्वक वाचली तर अनेकदा तसा स्पष्ट उल्लेखही बारीक अक्षरांत आढळतो. डोंगरकपारीत आपोआप वाढणारे, उन्हाळ्यात पळसाच्या द्रोणातून विकले जाणारे हे फळ नाव आणि रंग बदलून शहरात मानाने मिरवते. मात्र ते वेचणाऱ्या हातांना या प्रवासातील मोलाचा फारच थोडा वाटा मिळतो. असे का घडते, हे समजून घेण्यासाठी फळाच्या पिकण्याची रीत प्रथम पाहणे आवश्यक आहे.

खरी चेरी कोठे पिकते?

खरी चेरी हे थंड प्रदेशातील फळ होय. आलुबुखार, जर्दाळू, पीच आणि बदाम यांच्या कुळातील हा वृक्ष. भारतात त्याची लागवड मुख्यत्वे काश्मीरमध्ये आणि काही प्रमाणात हिमाचल प्रदेशात होते. हिवाळ्यात या वृक्षाची पाने गळून कळ्या निद्रिस्त होतात. त्या पुन्हा जागृत होण्यासाठी सुमारे सात अंश सेल्सियसखालील थंडी जातीपरत्वे सातशे ते हजारांहून अधिक तास मिळावी लागते. एवढी थंडी महाबळेश्वरच्या पठारावरही मिळत नाही. म्हणून महाराष्ट्रात चेरीच्या बागा होऊ शकलेल्या नाहीत.

काश्मीरमध्ये मे महिन्याच्या मध्यापासून चेरीचा हंगाम सुरू होतो. तिच्या बाबतीत बागायतदाराला एक गोष्ट कायम ध्यानात ठेवावी लागते. आंबा किंवा केळे पाडाला आल्यावर उतरवून अढीत घातले तरी पिकते. चेरीचे तसे नाही. झाडावरून तोडल्यावर ती अधिक गोड होत नाही. ती झाडावरच पिकू द्यावी लागते आणि पिकल्यावर लगेच काढावी लागते. ऐन पिकण्याच्या वेळी पाऊस झाला तर पाणी शोषून फळ तडकते. तोडलेले फळ साध्या हवेत थोडेच दिवस टिकते. यामुळे ताज्या फळाची विक्री आणि टिकाऊ पदार्थांची निर्मिती या दोन्ही बाजू चेरीच्या व्यवसायात बरोबरीने वाढल्या. एड्रियाटिक समुद्राच्या किनाऱ्यावरील झादर शहराच्या परिसरात मारास्का नावाच्या आंबट चेरीपासून मद्य तयार होत असे व त्यात चेरी मुरविण्यातही येई. पुढे कारखान्यांतून चेरीचा मूळ रंग घालवून, तिला लाल रंग देऊन साखरेच्या पाकात मुरविण्याची पद्धत रूढ झाली. भारतातील करवंदाची 'चेरी' हे याच पद्धतीचे रूप आहे.

करवंदाची ओळख

करवंद आणि चेरी यांचे वनस्पतिशास्त्रीय नाते काहीच नाही. करवंद हे कण्हेर, चाफा व सदाफुली यांच्या कुळातील झुडूप आहे. पान किंवा कच्चे फळ तोडताच पांढरा चीक येतो, ही या कुळाची खूण होय. चेरीत एकच टणक आठळी असते, तर करवंदात अनेक चपट्या बिया असतात. सह्याद्रीच्या उतारांवर, कोकणातील कातळावर आणि घाटमाथ्यावरील मुरमाड जमिनीत करवंदीच्या जाळ्या विपुल आढळतात. माघ-फाल्गुनात मोगऱ्यासारखी पांढरी, सुवासिक फुले येतात आणि चैत्र-वैशाखात फळ तयार होते. पावसाच्या सरी पडू लागल्या की हंगाम संपतो.

काटेरी असल्यामुळे गुरे या झुडपाला सहसा तोंड लावीत नाहीत. त्यामुळे उघड्या माळावर करवंदीची जाळी एक नैसर्गिक कुंपण ठरते. तिच्या आत रुजलेली इतर झाडांची रोपे चराईपासून वाचतात आणि कालांतराने जाळीतून वर डोके काढतात. मुळे उतारावरची माती धरून ठेवतात. बुलबुलासारखे पक्षी फळे खाऊन बिया दूरवर नेतात. ज्या डोंगरावर करवंदीच्या जाळ्या शिल्लक आहेत, तेथे जंगल पुन्हा उभे राहण्यास आधार मिळतो.

खेडोपाडीच्या मुलांना हे फळ शिकवावे लागत नाही. करवंद फोडण्यापूर्वी 'कोंबडा की कोंबडी' अशी पैज लावायची आणि गर लाल निघाला तर कोंबडा, पांढुरका निघाला तर कोंबडी, हा खेळ अनेक पिढ्या चालत आला आहे. 'डोंगरची काळी मैना' ही विक्रेत्या स्त्रियांची आरोळीही सर्वपरिचित आहे.

एक फळ, तीन अवस्था

करवंदाचे वैशिष्ट्य असे की, ते तीन निरनिराळ्या अवस्थांत उपयोगी पडते आणि प्रत्येक अवस्थेचा उपयोग वेगळा असतो.

पहिली अवस्था कच्च्या, हिरव्या फळाची. या वेळी ते अतिशय आंबट व चिकाळ असते. लोणचे आणि चटणी यांसाठी हेच फळ वापरतात. मीठ लावून ठेवले असता चीक व तुरटपणा कमी होतो.

दुसरी अवस्था फळावर गुलाबी-तांबूस छटा येऊ लागते तेव्हाची. या वेळी गर भरलेला पण घट्ट असतो. जेलीला घट्टपणा आणणारे पेक्टिन नावाचे द्रव्य त्यात भरपूर असते. जेली आणि 'चेरी' यांसाठी हीच अवस्था योग्य समजतात. फळ घट्ट असल्याने ते बी काढताना किंवा पाकात शिजताना फुटत नाही. तोडल्यानंतर ते काही दिवस टिकत असल्याने दूर पाठविणेही शक्य होते.

तिसरी अवस्था पूर्ण पिकलेल्या, काळ्याभोर फळाची. आंबट-गोड चवीचे हे फळ तसेच खावे किंवा त्याचे सरबत करावे. परंतु ते अत्यंत नाजूक असते. टोपलीत दाब पडला तरी फुटते आणि दोन-तीन दिवसांत आंबू लागते.

अर्धे पिकलेले फळ तोडून ठेवल्यास झाडावर पिकलेल्या फळाची गोडी त्यास येत नाही. म्हणून कोणत्या उपयोगासाठी कोणत्या दिवशी तोडायचे, हा निर्णय झुडपाजवळच घ्यावा लागतो. हे ज्ञान डोंगरातील ठाकर, कातकरी, महादेव कोळी व वारली स्त्रियांपाशी परंपरेने आहे. फळाकडे पाहूनच त्यांना त्याची अवस्था कळते.

बरणीतील चेरी

करवंदाची 'चेरी' करण्याची रीत तत्त्वतः सोपी आहे. दुसऱ्या अवस्थेतील फळे निवडून, धुऊन त्यांतील बिया काढतात. ती मिठाच्या पाण्यात ठेवून चीक व तुरटपणा घालवितात. नंतर स्वच्छ पाण्याने मीठ काढून टाकून फळे थोडी उकळतात. या क्रियांमध्ये फळाचा मूळ रंग फिका पडतो, म्हणून कायद्याने खाद्यपदार्थांसाठी मान्य केलेला लाल रंग ठरलेल्या मर्यादेत घालतात. त्यानंतर फळे प्रथम पातळ व मग रोज थोड्या अधिक घट्ट केलेल्या पाकात मुरत ठेवतात.

पाक हळूहळू घट्ट करण्यामागे कारण आहे. फळ एकदम घट्ट पाकात टाकल्यास त्यातील पाणी झपाट्याने बाहेर येते आणि फळ सुरकुतते. पाक पायरीपायरीने वाढविला तर साखर गराच्या आत शिरते आणि फळ टपोरे राहते. शेवटी साखरेचे प्रमाण शेकडा सत्तरच्या आसपास पोहोचले की सूक्ष्म जंतूंना वाढीसाठी लागणारे पाणी उरत नाही. मग जे फळ दोन-तीन दिवसांत नासले असते, ते कित्येक महिने टिकते.

या कामासाठी मोठी यंत्रे अपरिहार्य नाहीत. स्वच्छ पाणी, गंज न धरणारी भांडी, पाकाची घनता मोजण्याचे साधे उपकरण आणि काटेकोर स्वच्छता एवढे असले की महिला बचत गटही हे काम करू शकतो. विक्रीसाठी २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके अधिनियमाखाली नोंदणी करावी लागते व बाटलीवर घटकपदार्थ नमूद करावे लागतात. रंग न घालता केलेली करवंदाची जेली, सरबत आणि लोणचे यांना तर उसन्या नावाचीही गरज नाही.

मोल कोणाच्या हाती?

पिकलेले करवंद वेचणारी स्त्री पहाटे डोंगर चढते, काट्यांतून फळे काढते आणि दुपारपर्यंत रस्त्यावर किंवा रेल्वे स्थानकावर येऊन बसते. संध्याकाळपर्यंत माल खपला नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याला निम्मीही किंमत येत नाही. हे गिऱ्हाईकाला व व्यापाऱ्यालाही ठाऊक असते. भाव पाडला जातो तो फळ कमी प्रतीचे असते म्हणून नव्हे, तर ते थांबू शकत नाही म्हणून. जो फळाला थांबवू शकतो, म्हणजे मीठ, साखर आणि बरणी ज्याच्याजवळ आहे, तो भाव ठरवितो. हे साधन गावातच उपलब्ध झाले, तर न खपलेला माल फेकून देण्याची वेळ येणार नाही व पडेल भावाने विकण्याची सक्तीही राहणार नाही.

या संदर्भात कायद्याने दिलेला अधिकार महत्त्वाचा आहे. अनुसूचित क्षेत्रांसाठी १९९६ साली झालेल्या पेसा कायद्याने गौण वनोपजाच्या मालकीबाबत ग्रामसभेचे स्थान मान्य केले. २००६ च्या वनहक्क कायद्याने अनुसूचित जमातींना आणि पिढ्यान्पिढ्या वनांत राहणाऱ्या इतर पारंपरिक रहिवाशांना परंपरेने गोळा करीत असलेल्या गौण वनोपजाची मालकी, ते गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क दिला. वनस्पतिजन्य व लाकूड नसलेले सर्व वनोपज या व्याख्येत येते. अर्थात करवंदही येते. ज्या गावाचा सामूहिक वनहक्क मान्य झालेला आहे, तेथील ग्रामसभा करवंदाची तोड केव्हा सुरू करावी, माल एकत्रितपणे कसा विकावा आणि जाळ्यांचे रक्षण कसे करावे, हे ठराव करून ठरवू शकते.

लागवड व संरक्षण

हक्काबरोबर जबाबदारीही येते. वणवे, रस्त्यांची कामे आणि प्लॉट पाडण्यासाठी होणारी सरसकट साफसफाई यांमुळे अनेक ठिकाणी जाळ्या नाहीशा होत आहेत. फळे लवकर काढता यावीत म्हणून फांद्याच तोडण्याचा प्रकारही घातक आहे. झुडपावरील सर्व फळे न ओरबाडता काही पक्ष्यांसाठी राखली, तर पुढील पिढीची रोपे आपोआप तयार होतात.

रानातील जाळ्यांवरच अवलंबून न राहता बांधावर लागवड करणेही शक्य आहे. दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण बोल्ड' ही मोठ्या फळांची जात विकसित केली आहे. रोपे ताज्या बियांपासून किंवा गुटी कलमाने तयार करता येतात. कुंपणासाठी झुडपे जवळजवळ लावावीत. फळांसाठी दोन ते तीन मीटर अंतर ठेवावे. पाणी साचणारी जमीन मात्र टाळावी. पहिली एक-दोन वर्षे उन्हाळ्यात थोडे पाणी दिले की पुढे पावसावर भागते. साधारणतः तिसऱ्या वर्षापासून फळ धरू लागते. तारेच्या कुंपणाचा खर्च वाचतो आणि कुंपणच उत्पन्न देऊ लागते.

शाळेच्या आवाराभोवती अशी एक रांग लावली, तर शिक्षकांना फुलापासून फळापर्यंतच्या साऱ्या अवस्था प्रत्यक्ष दाखविता येतील. त्याच वेळी, चीक येणारे प्रत्येक झाड खाण्याजोगे नसते आणि करवंदाच्याच कुळातील कण्हेर विषारी असते, हेही मुलांना सांगणे आवश्यक आहे. करवंद धुऊन, चांगले पिकलेले पाहूनच खावे. कच्च्या फळाच्या चिकाने ओठांना चरचर होते.

काश्मीरच्या बागायतदाराला चेरीने जे शिकविले, तेच करवंद सह्याद्रीतील गावांना शिकविते. योग्य दिवशी तोडलेले आणि वेळेत टिकविलेले फळच श्रमाचे मोल देते. करवंदाचा हंगाम जेमतेम दीड-दोन महिन्यांचा असतो. म्हणून बरण्या, नोंदणी, प्रशिक्षण आणि विक्रीची व्यवस्था यांचा विचार जाळीला फुले येण्यापूर्वीच, हिवाळ्यातील ग्रामसभेत होणे उचित ठरेल. फळ काळे झाल्यावर सुरू केलेली तयारी त्या वर्षी उपयोगी पडत नाही.