कोंबडीची अंडी आणि चुंबकीय क्षेत्र

१९८२ साली स्पेनमध्ये होझे डेल्गाडो आणि सहकाऱ्यांनी कोंबडीची फलित अंडी अतिशय क्षीण, स्पंदित चुंबकीय क्षेत्रात ४८ तास उबवली. अनेक भ्रूणांची वाढ बिघडलेली आढळली. पुढे काही प्रयोगशाळांना हाच परिणाम दिसला, काहींना दिसला नाही. मग उत्तर अमेरिका आणि युरोपातल्या सहा प्रयोगशाळांनी एकसारखी उपकरणं वापरून तोच प्रयोग केला. त्याचं नाव ‘हेनहाउस’ प्रकल्प. क्षेत्र होतं अवघं १ मायक्रोटेस्ला, सेकंदाला १०० स्पंदनं. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र याहून कितीतरी जास्त, २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं. पण ते जवळपास स्थिर असतं, हा फरक महत्त्वाचा. १९९० मध्ये निकाल आला: सहापैकी पाच ठिकाणी क्षेत्रातल्या भ्रूणांत विकृती अधिक होत्या, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर त्यातली दोनच ठिकाणं उतरली. मला हा निकाल प्रामाणिक वाटतो. त्यात घबराटीला आधार नाही आणि प्रश्न झटकून टाकायलाही नाही.

प्रबळ क्षेत्राचा परिणाम मात्र स्पष्ट दिसला. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी बेडकाची अंडी १६.७ टेस्लाच्या स्थिर क्षेत्रात ठेवली. एरवी आडवं होणारं तिसरं पेशीविभाजन उभं झालं. विभाजनाची दिशा ठरवणाऱ्या सूक्ष्मनलिका क्षेत्राच्या रोखाने वळतात, असं त्यांनी त्याचं कारण दिलं. तुलनेसाठी, रुग्णालयातली बहुतेक एमआरआय यंत्रं १.५ किंवा ३ टेस्लाची असतात.